शिलोची शिकवण : मुलांच्या उन्हाळी शिबिरांचा इतिहास व मंडळीची जबाबदारी

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्या मंडळ्यांतून मुलांच्या निवासी शिबिरांची तयारी सुरू होते. बेळगाव असो वा बडोदे, इंदूर असो वा हैदराबाद, नावनोंदणीचे कागद पाळकांच्या टेबलावर जमू लागतात, स्वयंपाकाची व्यवस्था ठरते, गीतांच्या वह्या बाहेर निघतात आणि आईबाप मुलांच्या वळकट्या बांधू लागतात. ही प्रथा आपल्या एवढी अंगवळणी पडली आहे की, ती कोठून आली आणि तिच्यातील रीतिरिवाजांचा मूळ हेतू कोणता, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तो इतिहास थोडक्यात मांडणार आहोत. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी व पाळकांनी तो जाणून घेणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते. शिबिर मुलाला त्याच्या घरापासून दूर नेते व थोड्या दिवसांसाठी त्याचे संपूर्ण जग बनते. त्याचे सामर्थ्य ते हेच आणि त्याचा धोकाही हाच.

पवित्र शास्त्रातील दोन चित्रे

शिबिर ही कल्पना अर्वाचीन असली, तरी तिच्या मुळाशी असलेली दृष्टी शास्त्राला अपरिचित नाही. लेवीय पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात मंडपांच्या सणाचा विधी सांगितला आहे. इस्राएल लोकांनी आपली पक्की घरे सोडून सात दिवस डहाळ्यांच्या मांडवांत राहावे आणि मिसर देशातून निघालेले आपले पूर्वज कसे राहिले हे पुढच्या पिढ्यांना कळावे, असा त्याचा उद्देश होता. जी गोष्ट केवळ तोंडी सांगून मुलांच्या मनावर ठसली नसती, ती त्यांना प्रत्यक्ष राहून शिकविली जात असे.

दुसरे चित्र शिलो येथील आहे. हन्नाने आपला मुलगा शमुवेल लहान वयातच एली याजकाच्या हाती सोपविला. ती प्रतिवर्षी त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून नेत असे. घरापासून दूर, दिव्याच्या मंद उजेडात निजलेल्या त्या मुलाला परमेश्वराची वाणी ऐकू आली. मुलांची शिबिरे भरविणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती मनुष्याच्या अंतःकरणात हीच आशा असते. परंतु त्याच शिलोमध्ये, त्याच छपराखाली, आणखीही एक गोष्ट घडत होती. तिच्याकडे आम्ही लेखाच्या उत्तरार्धात वळू.

उगम

मुलांच्या उन्हाळी शिबिरांचा जन्म एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत झाला. तंबू ठोकून देवाचे वचन ऐकण्याची परंपरा तेथे आधीपासूनच होती. १८०१ साली केंटकी राज्यात केन रिज येथे हजारो लोक दिवसेंदिवस रानात मुक्काम करून प्रवचने ऐकत राहिले, आणि तेव्हापासून छावणी-सभांची प्रथा सर्वत्र पसरली. पण त्या सभा कुटुंबांच्या होत्या. केवळ मुलांसाठी मुक्काम करण्याची कल्पना पुढे आली ती एका शाळेतून.

कनेक्टिकट राज्यातील वॉशिंग्टन या गावी फ्रेडरिक विल्यम गन नावाचे शिक्षक शाळा चालवीत असत. गुलामगिरीचे ते कट्टर विरोधक होते व त्या मतापायी त्यांनी गावकऱ्यांचा रोषही सोसला होता. १८६१ साली यादवी युद्ध सुरू झाले, तेव्हा त्यांच्या विद्यार्थ्यांना सैनिकांप्रमाणे कूच करून तंबूत राहण्याची ओढ लागली. गन यांनी ती मोडून न काढता तिला वळण दिले. त्या उन्हाळ्यात ते व त्यांच्या पत्नी अ‍ॅबिगेल मुलांना घेऊन सुमारे चाळीस मैल चालत समुद्रकाठच्या मिलफर्डला गेले. तेथे पोहणे, मासे धरणे, होड्या वल्हविणे असा त्यांचा क्रम असे. मुलांच्या शिबिरांचा प्रारंभ म्हणून इतिहासकार सामान्यतः याच मुक्कामाचा निर्देश करतात.

मंडळीच्या वतीने भरविलेले पहिले शिबिर म्हणून १८८० सालच्या मुक्कामाचा उल्लेख करण्यात येतो. वेस्ट हार्टफर्डचे पाळक रेव्ह. जॉर्ज हिंक्ली यांनी त्या वर्षी सात मुलांना र्‍होड आयलंडमध्ये मुक्कामाला नेले. सकाळी अध्ययन व शास्त्रवाचन, दुपारी खेळ व पोहणे, सायंकाळी गीते व बोधपर भाषण, असा त्यांचा दिनक्रम होता. आपल्या आजच्या शिबिरांचे वेळापत्रक कोणी शेजारी ठेवून पाहील, तर एवढ्या काळात त्यात फारसा फरक पडलेला नाही हे त्याच्या ध्यानात येईल.

चोकोरुआचे बेट

पुढच्याच वर्षी, म्हणजे १८८१ साली, न्यू हॅम्पशायरमधील एका सरोवरात असलेल्या लहानशा बेटावर अर्नेस्ट बाल्च या तरुणाने चोकोरुआ शिबिर सुरू केले. बाल्च हे एका एपिस्कोपल पाळकाचे पुत्र. श्रीमंत घरांतील मुले उन्हाळाभर हॉटेलांतून आईबापांबरोबर राहतात, नोकर त्यांची प्रत्येक गरज पुरवितात आणि या आयत्या जीवनात त्यांचे चारित्र्य खचते, असे त्यांचे मत झाले होते. म्हणून त्यांनी नियम घातला की, या बेटावर नोकर असणार नाही. मुलांच्या तुकड्या पाडण्यात आल्या. एका तुकडीने स्वयंपाक करावा, दुसरीने भांडी घासावी, तिसरीने झाडलोट करावी आणि ही कामे पाळीपाळीने फिरत राहावी, अशी व्यवस्था होती. घर कितीही धनवान असले, तरी हातखर्चाला प्रत्येक मुलाला सारखीच अल्प रक्कम मिळे. ज्याला अधिक हवे असेल त्याने बेटावरील एखादे काम अंगावर घेऊन ते मिळवावे. मुलांची स्वतःची पेढीदेखील होती.

बेटाच्या एका भागात झाडांच्या सावलीत उघड्यावरचे प्रार्थनास्थान सिद्ध करण्यात आले. भुर्ज वृक्षाच्या लाकडाचा क्रूस, वर आकाश आणि भोवती पाणी, एवढाच त्याचा साज होता. रविवारच्या उपासनेला काठावरचे लोक होड्या वल्हवीत येत. पैशाच्या अडचणींमुळे १८८९ च्या उन्हाळ्यानंतर शिबिर बंद पडले. परंतु त्या बेटावरील रविवारची उपासना बंद पडली नाही. आजही उन्हाळ्यात तेथे निरनिराळ्या पंथांचे भाविक एकत्र जमतात. ज्या शिबिराचे आयुष्य अवघे नऊ उन्हाळ्यांचे, त्याची वेदी मात्र शतकाहून अधिक काळ टिकून राहिली आहे.

चोकोरुआचे महत्त्व आमच्या मते त्या भांडी घासण्याच्या पाळीत आहे. श्रम हीन नाहीत आणि दुसऱ्याचे उष्टे काढल्याने कोणी लहान होत नाही, हे प्रवचनातून सांगणे सोपे असते. बाल्च यांनी ते मुलांकडून रोज करवून घेतले. प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्या कृतीशी या पाळीचे नाते आहे.

डडले शिबिर व त्याचे रिवाज

वाय.एम.सी.ए. अर्थात ख्रिस्ती तरुण संघाने या कल्पनेला स्थैर्य दिले. सम्नर डडले हे शस्त्रक्रियेची उपकरणे तयार करणाऱ्या व्यवसायातील गृहस्थ संघाचे हौशी कार्यकर्ते होते. १८८५ साली त्यांनी सात मुलांना न्यूबर्गजवळच्या ऑरेंज सरोवराकाठी आठवडाभर मुक्कामाला नेले. हा उपक्रम त्यानंतर प्रतिवर्षी वाढत गेला. १८९७ साली डडले यांचे निधन झाल्यावर शिबिराला त्यांचे नाव देण्यात आले आणि १९०८ पासून ते न्यूयॉर्क राज्यातील वेस्टपोर्ट येथे चँप्लेन सरोवराच्या काठी भरत आले आहे. अखंड चालत आलेले अमेरिकेतील सर्वांत जुने मुलांचे शिबिर म्हणून त्याची ख्याती आहे.

या शिबिराचे दोन रिवाज विशेष लक्षात घेण्यासारखे आहेत. तेथे येणाऱ्या प्रत्येक मुलाला एक क्रमांक मिळतो व तो आयुष्यभर त्याचाच राहतो. पहिला क्रमांक खुद्द डडले यांचा. आजोबांचा क्रमांक शेकड्यांत आणि नातवाचा हजारांत, अशा रीतीने तीच गणती पुढे चालत राहते. क्रमांकाने माणूस निनावी होतो असा आपला समज असतो. येथे तो मुलाला आपल्या आधी आलेल्यांशी व आपल्यामागून येणाऱ्यांशी जोडतो. दुसरा रिवाज म्हणजे शिबिराचे ब्रीद. आपल्या आधी आपल्या सोबत्याचा विचार करावा, असा त्याचा आशय आहे. रात्री निजण्यापूर्वी प्रत्येक खोलीतील मुले आपल्या गटप्रमुखाभोवती बसून दिवसाचे स्मरण करतात व प्रार्थना करतात.

या रिवाजांकडे आम्ही एका अर्थाने उपासनापद्धती म्हणून पाहतो. पहाटेचा बिगूल, ध्वजवंदन, एका पंक्तीतील जेवण, दुपारची विश्रांती, घरी पत्र लिहिण्याची सक्तीची वेळ, सायंकाळची शेकोटी आणि अखेरच्या रात्रीचा निरोप, या सर्वांचा क्रम ठरलेला असतो व मुले तो मोडू देत नाहीत. दुसऱ्या वर्षी आलेला मुलगा पहिल्यांदाच आलेल्या मुलाला मोठ्या अभिमानाने तो समजावून सांगतो. पहिल्या रात्री घराच्या आठवणीने उशीत तोंड खुपसून रडणारा मुलगा अखेरच्या रात्री निरोप घेताना रडतो. आपण एका मोठ्या कुटुंबाचे आहोत, ही जाणीव पुष्कळ मुलांना प्रथम येथेच होते. मंडळी म्हणजे काय हे पुढे त्यांना शब्दांनी शिकविण्यात येते, तेव्हा त्या शब्दांना आधार म्हणून हा अनुभव उभा असतो.

सागरापलीकडे व आपल्याकडे

अशाच विचाराने ब्रिटनमध्येही कार्य चालले होते. ग्लासगो येथे शब्बाथ शाळेचे शिक्षक विल्यम अलेक्झांडर स्मिथ यांनी १८८३ साली बॉइज ब्रिगेड स्थापिली आणि १८८६ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील टिनाब्रुइक या गावी तिचे पहिले शिबिर भरविले. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर आठवडाभराचे जे प्रसिद्ध शिबिर घेतले, त्यातील सुमारे वीस मुलांत ईटन व हॅरो येथील धनिकांचे पुत्र होते, तसेच बॉइज ब्रिगेडच्या तुकड्यांतील साध्या घरांचे मुलगेही होते. ही दोन्ही प्रकारची मुले एकाच तुकडीत काम करीत. त्या काळच्या इंग्रजी समाजात ही लहान गोष्ट नव्हती.

हिंदुस्थानात मात्र हीच चळवळ आली ती भिंत घेऊन. १९०९ साली बंगळूर येथे स्काउट पथक सुरू झाले, ते युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना त्यात स्थान नव्हते. १९१६-१७ च्या सुमारास डॉ. अ‍ॅनी बेझंट व जॉर्ज अरुंडेल यांनी मद्रासकडे भारतीय मुलांची स्वतंत्र पथके उभी केली, तेव्हा कोठे त्यांना वाट मिळाली. महाराष्ट्रात १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाने शाखा व शिबिरे यांच्याद्वारे सर्व जातींच्या मुलामुलींना एका पंक्तीत बसविण्याचे काम केले. वाय.एम.सी.ए.चे मावळातील निळशी येथील शिबिरस्थान तर मराठी ख्रिस्ती कुटुंबांना परिचित आहेच.

कोणाला वगळले?

इतिहास केवळ गौरवासाठी वाचावयाचा नसतो. अमेरिकेतील या रम्य शिबिरांपैकी बहुतेकांची दारे कृष्णवर्णीय मुलांना दीर्घकाळ बंद होती. म्हणून स्प्रिंगफील्ड येथील सेंट जॉन्स काँग्रिगेशनल मंडळीचे पाळक रेव्ह. विल्यम डीबेरी यांनी १९२१ साली मॅसॅच्युसेट्समधील लॅशवे सरोवराकाठी कृष्णवर्णीय मुलांसाठी शिबिर उघडले. तेच पुढे अ‍ॅटवॉटर शिबिर या नावाने प्रसिद्ध झाले.

'कुंबाया' या गीताची कथाही बोलकी आहे. शेकोटीभोवती म्हटले जाणारे हे गीत मुळात अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय ख्रिस्ती लोकांची आर्त प्रार्थना होय. १९२६ साली जॉर्जिया राज्यात मेणाच्या नळीवर केलेले तिचे ध्वनिमुद्रण अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात जपलेले आहे. पुढे १९५० च्या दशकात ते शिबिरांतून सर्वत्र पसरले आणि ते आफ्रिकेतून आले असा समज रूढ झाला. ज्यांच्या दुःखातून ही प्रार्थना उमटली, त्यांची मुले त्या शेकोट्यांभोवती पुष्कळ ठिकाणी नव्हती.

तीच गोष्ट तेथील मूलनिवासी जमातींची. १९०२ साली अर्नेस्ट थॉम्पसन सेटन यांनी मूलनिवासींच्या जीवनावर आधारलेली मुलांची संघटना काढली, त्यानंतर पिसांचे मुकुट घालून शेकोटीभोवती नाचण्याची पद्धत शिबिरांतून रूढ झाली. आणि त्याच काळात पेनसिल्व्हेनियातील कार्लाइलसारख्या निवासी शाळांतून खऱ्या मूलनिवासी मुलांचे केस कापण्यात येत होते व त्यांना स्वतःची भाषा बोलण्यास बंदी होती. कार्लाइलची शाळा १८७९ साली निघाली होती. अशा कित्येक शाळा ख्रिस्ती संस्थांच्या हाती होत्या. आईबापांपासून मुलाला दूर नेऊन त्याला घडविणे, हे दोन्हीकडे समानच होते. एका मुलाला त्यातून आनंद मिळाला आणि दुसऱ्याचे घर हरपले.

एलीचे मौन

आता शिलोकडे परत वळू. शमुवेलाने जेथे वाणी ऐकली, तेथेच एलीचे पुत्र हफनी व फिनहास आपल्या पदाचा दुरुपयोग करीत होते. लोक बोलत होते. एलीला सर्व ठाऊक होते. त्याने त्यांना दोष दिला, पण आवरले नाही. आणि परमेश्वराने शमुवेलाला जो पहिला संदेश दिला, तो याच मौनाविषयीचा होता. तो सांगण्याची मुलाला भीती वाटत होती, हेही शास्त्राने नोंदवून ठेवले आहे.

आपल्या काळात हा अध्याय पुन्हा घडला. इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकात ई. जे. एच. नॅश या पाळकाने प्रतिष्ठित शाळांतील मुलांसाठी शिबिरे सुरू केली. ती डॉर्सेटमधील आयवर्न मिन्स्टर येथे भरत, म्हणून आयवर्न शिबिरे या नावाने ओळखली गेली. त्यांतून अनेक नामांकित ख्रिस्ती पुढारी तयार झाले. जॉन स्टॉट हे त्यांपैकी एक होत. परंतु १९७० च्या दशकात या शिबिरांच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्षपद जॉन स्मिथ नावाच्या प्रतिष्ठित वकिलाकडे होते. या गृहस्थाने शिबिरांतून व एका शाळेतून ओळख झालेल्या मुलांना व तरुणांना पापक्षालनाच्या नावाखाली आपल्या घराच्या आवारात अमानुष मारहाण केली. १९८२ साली एका पाळकाने या प्रकाराचा लेखी अहवाल तयार केला. तो मोजक्या पुढाऱ्यांत फिरला, पोलिसांपर्यंत गेला नाही. १९८४ साली स्मिथ झिंबाब्वेला गेला व तेथेही त्याने मुलांची शिबिरे चालविली. १९९२ च्या डिसेंबरात अशाच एका शिबिरात सोळा वर्षांचा एक मुलगा मृतावस्थेत आढळला. त्यानंतर भरलेला खटला तडीस गेला नाही. २०१७ साली दूरचित्रवाणीवरून हे प्रकरण उघड झाले आणि २०१८ साली कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरविण्यापूर्वीच स्मिथ मरण पावला. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने पीडितांची संख्या शंभराहून अधिक असल्याचे दाखविले, आणि पाचच दिवसांनी कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला.

ज्यांनी मौन पाळले ते सर्वच दुष्ट नव्हते. कार्याला बट्टा लागू नये, एवढीच त्यांपैकी अनेकांची इच्छा होती. एलीचीही कदाचित तीच असेल. परंतु कार्याची अब्रू वाचविण्यासाठी मुलांचे दुःख झाकले, की जे वाचते ते कार्य देवाचे उरत नाही.

आपले कर्तव्य

यावरून शिबिरेच बंद करावीत असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. शिलो येथे हफनी होता म्हणून शमुवेलाची हाक खोटी ठरत नाही. मात्र शिबिर भरविणाऱ्यांनी काही गोष्टी कसोशीने पाळल्या पाहिजेत, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.

पहिली गोष्ट घराशी असलेल्या दुव्याची. हन्ना प्रतिवर्षी झगा घेऊन येत होती, म्हणजे मुलाला सोपविल्यावरही तिने त्याच्यावरील नजर काढली नव्हती. मुलाने घरी केव्हाही बोलावे आणि आईबापांनी न कळविताही भेटीस यावे, इतके आपले शिबिर मोकळे असले पाहिजे. कोणत्याही वडील माणसाने एकट्या मुलाला बंद दाराआड घेऊन बसू नये, मग ते प्रार्थनेसाठी का असेना. मुलांना शारीरिक शिक्षा तर कोणत्याही कारणाने देऊ नये.

दुसरी गोष्ट निर्णयाच्या रात्रीची. शेवटच्या शेकोटीपाशी दमलेल्या, भारावलेल्या मुलांकडून आयुष्याचे संकल्प वदवून घेण्याची घाई होत असते. एलीने शमुवेलाला काय केले ते पाहावे : त्याने त्याला पुन्हा जाऊन निजावयास सांगितले व ऐकण्यास शिकविले. वाणी जर परमेश्वराची असेल, तर ती पुन्हा हाक मारील, एवढा विश्वास शिक्षकाजवळ हवा.

तिसरी गोष्ट मौनाची. २०१२ च्या बालक संरक्षण कायद्यान्वये मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न कळविणे हा आपल्या देशात गुन्हा आहे. तेव्हा अशी तक्रार आल्यास ती पंचमंडळींच्या बैठकीत मिटविण्याचा अधिकार पाळकाला नाही, सभेला नाही, कोणालाच नाही.

आणि शेवटची गोष्ट पंक्तीची. आपल्या शिबिरात पत्रावळी कोण उचलतो, भांडी कोण घासतो, शुल्क न परवडल्यामुळे कोणाचा मुलगा घरी राहतो, याकडे पाळकांनी स्वतः लक्ष द्यावे. चोकोरुआच्या बेटावर श्रीमंतांची मुले जे शिकली, ते जातीच्या आठवणी अजून पुरत्या न विसरलेल्या आपल्या मंडळ्यांना शिकण्याची गरज कमी नाही.

यंदाच्या उन्हाळ्यातही कोठेतरी एखादे मूल अनोळखी छपराखाली निजेल आणि अंधारात कान देऊन जागे राहील. त्याला काय ऐकू यावे हे आपल्या हाती नाही. परंतु ते सकाळी उठून जे सांगेल, ते ऐकण्यास व त्याप्रमाणे वागण्यास आपण सिद्ध असावे, एवढे सर्वस्वी आपल्या हाती आहे.